होमलँड सिक्युरिटीची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडून, आणि अलीकडे भारतातूनही, होमलँड सिक्युरिटी म्हणजे देशांतर्गत सुरक्षा या विषयाच्या पदवीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत प्रश्न, मग पैसा आणि व्हिसा, आणि शेवटी अपवादाची प्रकरणे असा क्रम आहे. एकाच गोष्टीचे उत्तर दोनदा देण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भारतातून विचारणाऱ्यांनी प्रश्न ११ आणि १६ आधी वाचावेत.

१. या अभ्यासक्रमात नेमके शिकवतात तरी काय?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकी संसदेने २००२ मध्ये होमलँड सिक्युरिटी कायदा संमत केला आणि २२ वेगवेगळी खाती व कार्यालये एकत्र करून उभारलेले डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी, म्हणजेच डीएचएस, १ मार्च २००३ पासून कामाला लागले. विमानतळावर तपासणी करणारी टीएसए, सीमा सांभाळणारी सीबीपी, ग्रीन कार्डाचे अर्ज हाताळणारी यूएससीआयएस, तटरक्षक दल, सीक्रेट सर्व्हिस आणि आपत्तीच्या वेळी धावून येणारी फेमा ही सगळी याच खात्याची अंगे आहेत. खात्याचा व्याप जितका पसरट, तितकाच हा विद्याविषयही पसरट आहे: थोडा कायदा, थोडे लोकप्रशासन, थोडे गुन्हेशास्त्र, थोडे सार्वजनिक आरोग्य, आणि या सर्वांना बांधून ठेवणारे जोखमीचे मूल्यमापन.

बहुतेक अभ्यासक्रमांत प्रतिबंध, संरक्षण, हानी कमी करणे, प्रतिसाद आणि पुनर्उभारणी या पाच कामांभोवती विषयांची मांडणी असते. वीज, पाणी, दळणवळण, रुग्णालये अशा ज्या १६ क्षेत्रांना अमेरिकी सरकार देशासाठी कळीची मानते, त्यांच्या सुरक्षेवर एक स्वतंत्र विषय असतो. लष्कराला देशांतर्गत पोलिसी कामापासून दूर ठेवणारा १८७८ चा पॉसी कॉमिटेटस कायदा आणि आपत्तीत केंद्राने राज्यांना मदत कशी करावी हे ठरवणारा १९८८ चा स्टॅफर्ड कायदा यांना वळसा घालून कोणालाच पुढे जाता येत नाही. २००५ च्या कतरिना चक्रीवादळात शहर, राज्य आणि केंद्र यांच्यात जबाबदारीचा जो घोळ झाला, तो तर जवळजवळ प्रत्येक विषयात कोणत्या ना कोणत्या निमित्ताने समोर येतो, आणि तो यायलाही हवा. शस्त्र चालवणे, पाठलाग करणे किंवा चौकशीची तंत्रे मात्र येथे शिकवली जात नाहीत.

२. ही पदवी घेतली की डीएचएसमध्ये नोकरी लागते का?

नाही. पदवी हा अर्जातला एक मुद्दा असतो. केंद्र सरकारच्या बऱ्याच पदांसाठी पदव्युत्तर पदवीच्या आधारे जीएस-९ या वेतनश्रेणीसाठी पात्र ठरता येते, म्हणजे नुसत्या बी.ए. किंवा बी.एस.च्या तुलनेत सुरुवात थोडी वरून होते, एवढाच तिचा थेट लाभ आहे. गणवेशातील पदांसाठी वयाची अट, शारीरिक चाचणी, पार्श्वभूमीची तपासणी आणि खात्याचे स्वतःचे प्रशिक्षण यांना पर्याय नाही; त्यांपैकी अनेकांचे प्रशिक्षण जॉर्जिया राज्यातील ग्लिंको येथील केंद्रात होते आणि तेथे एम.ए. झालेला आणि न झालेला एकाच रांगेत उभे असतात.

यूएसए जॉब्स या सरकारी संकेतस्थळावर आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या चार-पाच जाहिराती काढून त्यांतील पात्रतेचा परिच्छेद शब्दशः वाचावा. तेथे या पदवीचा उल्लेख किती ठिकाणी सापडतो हे पाहिले की विद्यापीठाच्या माहितीपत्रकाची गरज उरत नाही. नागरिकत्वाचा अडसर कसा येतो ते प्रश्न १३ मध्ये आहे.

३. मग ही पदवी खरोखर कोणाच्या उपयोगाची आहे?

जो माणूस आधीपासून या क्षेत्राच्या आत किंवा उंबरठ्यावर आहे, त्याच्या. अग्निशमन दलातील कॅप्टन, काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) आपत्कालीन कार्यालयातील कर्मचारी, सैन्यातून निवृत्त होऊ घातलेला अधिकारी, रुग्णालयाच्या आपत्ती-सज्जतेची जबाबदारी अंगावर पडलेली परिचारिका, वीज कंपनीत नियंत्रण प्रणाली सांभाळणारा अभियंता अशा लोकांना बढतीसाठी, किंवा कामाचे स्वरूप बदलण्यासाठी, ही पदवी चांगली उपयोगी पडते. ऑनलाइन वर्गात असेच सहाध्यायी भेटतात, आणि माझ्या मते शुल्कातील मोठा वाटा वसूल होतो तो त्यांच्याकडून ऐकायला मिळणाऱ्या अनुभवातून. ज्याला कोणताच अनुभव नाही त्याने आधी स्थानिक आपत्कालीन कार्यालयात स्वयंसेवक किंवा इंटर्न म्हणून उभे राहावे. निम्म्या लोकांचा निर्णय तेथेच बदलतो.

४. होमलँड सिक्युरिटी, इमर्जन्सी मॅनेजमेंट, इंटेलिजन्स आणि सायबर सिक्युरिटी यांपैकी काय निवडावे?

पूर, वणवे, चक्रीवादळे, रुग्णालये आणि नगरपालिका यांच्याशी संबंधित काम हवे असेल तर इमर्जन्सी मॅनेजमेंट. माहितीचे विश्लेषण करून अहवाल लिहिण्याची आवड असेल तर इंटेलिजन्स. संगणकाचा पाया पक्का असेल तर सायबर सिक्युरिटी. होमलँड सिक्युरिटी ही पदवी धोरण आणि समन्वयाच्या अंगाने या तिन्हींना स्पर्श करते, त्यामुळे व्यवस्थापनाकडे वळणाऱ्याला ती सोयीची पडते आणि एकाच तंत्रात खोल जाऊ इच्छिणाऱ्याला अपुरी वाटते. आयटीतील मराठी मंडळी बहुधा ‘सायबर’ हा उपविषय असलेली होमलँड सिक्युरिटीची पदवी निवडतात; त्यांनी तो उपविषय धोरणाचा आहे की तांत्रिक, हे विषयांच्या यादीवरून तपासून घ्यावे, कारण बहुतेक ठिकाणी तो धोरणाचाच असतो.

५. विद्यापीठ खरे आहे की कागदी, हे कसे ओळखावे?

अमेरिकेत विद्यापीठांना मान्यता सरकार थेट देत नाही. सरकारने मान्य केलेल्या स्वतंत्र संस्था देतात. केंद्रीय शिक्षण खात्याच्या डीएपीआयपी या माहितीकोशात, किंवा सीएचईए या संस्थेच्या यादीत, विद्यापीठाचे नाव आणि त्याला मान्यता देणाऱ्या संस्थेचे नाव, दोन्ही शोधावीत. हायर लर्निंग कमिशन, मिडल स्टेट्स, न्यू इंग्लंड कमिशन अशी नावे दिसली तर चिंता नाही. मान्यता देणारी संस्थाच बनावट असल्याची उदाहरणे आहेत, म्हणून दुसरा शोध टाळू नये. ‘प्रादेशिक’ आणि ‘राष्ट्रीय’ मान्यता हा भेद शिक्षण खात्याने २०२० मध्ये आपल्या नियमांतून काढला, पण क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर जमा होणारी अभ्यासाची एकके) हस्तांतरित करताना अनेक विद्यापीठे अजूनही जुन्या प्रादेशिक संस्थांच्या मान्यतेलाच प्राधान्य देतात. वैद्यक किंवा कायद्याप्रमाणे या विषयासाठी सक्तीची स्वतंत्र व्यावसायिक मान्यता नाही, त्यामुळे विद्यापीठाची मान्यता हीच मुख्य कसोटी आहे.

६. कोणती विद्यापीठे हा अभ्यासक्रम ऑनलाइन चालवतात?

पेन स्टेट आपल्या वर्ल्ड कॅम्पसमार्फत होमलँड सिक्युरिटीची व्यावसायिक पदव्युत्तर पदवी देते आणि तिच्यात विशेषीकरणाचे पर्याय आहेत. ॲरिझोना स्टेटची ऑनलाइन पदवी इमर्जन्सी मॅनेजमेंट आणि होमलँड सिक्युरिटी अशी जोडनावाची आहे. अमेरिकन मिलिटरी युनिव्हर्सिटीत सैन्यातील आणि पोलिसांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. नावात ‘मिलिटरी’ असली तरी ती सैन्याची किंवा सरकारची संस्था नव्हे, खासगी कंपनीची आहे, हे अनेकांना प्रवेशानंतर कळते. याशिवाय राज्य विद्यापीठांची लांब यादी आहे. क्रमवारीपेक्षा शिकवणारे कोण आहेत, त्यांनी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले आहे का, आणि शेवटी प्रबंध आहे की प्रकल्प, या तीन गोष्टी पाहाव्यात.

७. माँटेरेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये ही पदवी फुकट मिळते असे ऐकले. ते खरे आहे का?

खरे आहे, पण सर्वांसाठी नाही. कॅलिफोर्नियातील या संस्थेत २००२ पासून सेंटर फॉर होमलँड डिफेन्स अँड सिक्युरिटी हे केंद्र आहे. त्याची पदवी साधारण १८ महिन्यांची असून बरेचसे काम ऑनलाइन आणि दर तिमाहीला दोन आठवडे प्रत्यक्ष वर्गात, अशी तिची रचना आहे. प्रबंध सक्तीचा आहे आणि प्रवेशाची चुरस तीव्र आहे. शहर, राज्य, आदिवासी प्रशासन किंवा केंद्र यांच्या सेवेतील अधिकाऱ्यांसाठीच हा अभ्यासक्रम असून त्यांचे शुल्क केंद्रीय अनुदानातून भागवले जाते, म्हणून त्या त्या वर्षीची स्थिती केंद्राकडूनच विचारून घ्यावी. खासगी कंपनीत असणाऱ्यांनी या दारावर वेळ घालवू नये. ज्यांना संधी आहे त्यांनी मात्र दुसरीकडे पैसे भरण्यापूर्वी येथे अर्ज करून पाहावा.

८. जीआरई लागते का? माझी बी.कॉम. तीन वर्षांची आहे, ती चालेल का?

बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रम जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा मागत नाहीत; अनुभवाचा तपशील, उद्देशपत्र आणि शिफारसपत्रे पुरतात. तीन वर्षांच्या भारतीय पदवीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. काही विद्यापीठे ती थेट स्वीकारतात, काही चार वर्षांचाच आग्रह धरतात, आणि काही मूल्यांकन संस्थेच्या अहवालावर अवलंबून राहतात. डब्ल्यूईएससारखी संस्था महाविद्यालयाची नॅक श्रेणी आणि विद्यार्थ्याचा वर्ग पाहून काही तीन वर्षांच्या पदव्या अमेरिकी पदवीशी समकक्ष ठरवते. मूल्यांकनाचे पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाला कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो हे ईमेलने विचारावे आणि ते उत्तर जपून ठेवावे. भारतीय विद्यापीठातून बंद पाकिटात गुणपत्रके निघायला किती दिवस लागतात हे वेगळे सांगायला नको.

९. नोकरी करून अभ्यास जमतो का? एक आठवडा प्रत्यक्षात कसा जातो?

जमतो, पण ‘ऑनलाइन’ म्हणजे ‘सवडीने’ अशी समजूत करून येणारे पहिल्याच सत्रात अडचणीत येतात. पदवी साधारण ३० ते ३६ क्रेडिटची असते, म्हणजे दहा ते बारा विषय. अनेक ठिकाणी सत्र जेमतेम सात-आठ आठवड्यांचे असते आणि एका वेळी एक विषय घेतला तरी आठवड्याला पंधरा-वीस तास सहज जातात. आठवड्याच्या सुरुवातीला वाचन येते, बहुधा दीडशे पाने, आणि त्यात सरकारी अहवालांचा भरणा असतो. आठवड्याच्या मध्यापर्यंत चर्चेच्या प्रश्नावर संदर्भांसह आपले टिपण टाकायचे, रविवारपर्यंत दोन-तीन सहाध्याय्यांना उत्तरे द्यायची, आणि दर काही आठवड्यांनी एक मोठा निबंध किंवा अधिकाऱ्याला उद्देशून दोन पानी टिपण लिहायचे. या टिपणात निष्कर्ष पहिल्या परिच्छेदात हवा असतो. प्रस्तावनेने सुरुवात करण्याची आपल्याकडची परीक्षेची सवय येथे गुण घालवते.

प्रश्न कसे असतात याचे एक उदाहरण. फेब्रुवारी २०२१ मध्ये फ्लोरिडातील ओल्ड्समार शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यातील सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाण १०० वरून ११,१०० भाग प्रतिदशलक्ष करण्याचा प्रयत्न दुरून झाला आणि तेथील कर्मचाऱ्याने तो लगेच उलटवला, असे शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाने, जाहीर केले. २०२३ मध्ये त्याच शहराच्या माजी व्यवस्थापकांनी ही बाहेरची घुसखोरी नसून आतल्या कर्मचाऱ्याची चूक होती, असे सांगितल्याच्या बातम्या आल्या. अशा घटनेवर विद्यार्थ्याला विचारले जाते की, पहिल्या दिवशी तुम्ही महापौरांचे सल्लागार असता तर नागरिकांना काय सांगितले असते, आणि दोन वर्षांनी त्याच निर्णयाचे समर्थन कसे केले असते. एकच बरोबर उत्तर नसते. पुरावा किती होता आणि दावा किती केला, यातील अंतर परीक्षक मोजतो.

शेवटच्या टप्प्यात टेबलटॉप सराव असतो. सहा-सात जण आपापल्या भूमिकेत, म्हणजे पोलिस, रुग्णालय, काउंटी, वीज कंपनी असे, व्हिडिओवर बसतात आणि प्राध्यापक दर दहा-पंधरा मिनिटांनी नवी वाईट बातमी पुढे सरकवतात. नंतर जो सुधारणा अहवाल लिहायचा असतो तो नोकरीच्या मुलाखतीत दाखवण्याजोगा असतो, म्हणून तो मनापासून लिहावा.

भारतातून शिकणाऱ्याने एक हिशेब डोक्यात पक्का ठेवावा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी रात्री ११:५९ वाजता मुदत संपते, तेव्हा भारतात सोमवारी सकाळचे ९:२९ वाजलेले असतात, आणि हिवाळ्यात १०:२९.

१०. खर्च किती येतो आणि मदत कोठून मिळते?

शुल्क प्रत्येक क्रेडिटमागे आकारले जाते आणि विद्यापीठागणिक त्यात दुपटी-तिपटीचा फरक असतो, म्हणून एकूण क्रेडिटने गुणून, तंत्रज्ञान शुल्क वगैरे धरून, पूर्ण पदवीचा आकडा काढावा. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना एफएएफएसए हा सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज भरून केंद्रीय कर्ज मिळू शकते. पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी त्याची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर आहे. २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे जादा केंद्रीय कर्ज बंद होते, पदव्युत्तर स्तरावरील एकूण मर्यादा १,००,००० डॉलर होते, आणि पूर्णवेळ न शिकणाऱ्याची वार्षिक मर्यादा त्याच प्रमाणात घटते. नोकरी करून एकेक विषय घेणाऱ्यांना ही शेवटची अट सर्वांत जास्त लागू पडते.

कर्जाआधी मात्र मालकाकडे विचारावे. कंपनीने शिक्षणासाठी दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नाही, आणि बऱ्याच कंपन्यांची ही योजना मनुष्यबळ विभागाच्या संकेतस्थळावर कोपऱ्यात पडून असते. सैन्यात असणाऱ्यांना ट्यूशन असिस्टन्स योजनेत प्रत्येक क्रेडिटमागे २५० डॉलरपर्यंत मदत असते. माजी सैनिकांसाठी जीआय बिल ही शिक्षणखर्चाची योजना आहे. या पदवीसाठी मोठे कर्ज काढणे मला पटत नाही. सार्वजनिक सेवेतील पगार ते सहज पेलत नाहीत.

११. मी भारतात आहे. या ऑनलाइन अभ्यासक्रमावर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळेल का?

मिळणार नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी पूर्णवेळ, प्रत्यक्ष वर्गातला अभ्यास लागतो, आणि एका सत्रात एकच ऑनलाइन विषय, किंवा तीन क्रेडिट, त्या हिशेबात धरता येतात. संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ आय-२० हे व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र देऊ शकत नाही, त्यामुळे पदवीनंतर काम करण्याची ओपीटीची परवानगीही नाही. पर्यटक व्हिसावर येऊन पदवीचा अभ्यास सुरू करणे नियमबाह्य आहे. घरी बसून शिकायला व्हिसा लागत नाही, एवढीच यातली सोय. कोणी सल्लागार ‘आधी ऑनलाइन प्रवेश घ्या, मग व्हिसाचे पाहू’ असे म्हणत असेल तर त्याच्याकडून तेच वाक्य लेखी मागावे.

१२. मी एच-४ वर आहे, पती एच-१बी वर आहेत. आम्ही शिकू शकतो का?

दोघेही शिकू शकता. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर पूर्णवेळ किंवा अर्धवेळ अभ्यासाला स्वतंत्र परवानगी लागत नाही. एच-१बी धारकाला मूळ नोकरी नीट चालू ठेवून जोडीला शिकता येते. शिक्षणामुळे कामाची परवानगी मात्र येत नाही. एच-४ वर काम करण्याची परवानगी जोडीदाराच्या ग्रीन कार्ड प्रक्रियेच्या टप्प्यावर अवलंबून असते, आणि काही अभ्यासक्रमांतील सक्तीची इंटर्नशिप त्याच कारणाने अडू शकते; तेथे प्रकल्पाचा पर्याय आहे का, हे आधी विचारावे. नोकरीच्या शक्यता पुढील उत्तरात पाहा.

१३. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. पदवीनंतर कोणत्या नोकऱ्या खुल्या आहेत?

केंद्र सरकारच्या नेहमीच्या स्पर्धात्मक सेवेतील पदे १९७६ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानुसार नागरिकांसाठी राखीव आहेत. गोपनीय माहिती हाताळण्यासाठी लागणारा सिक्युरिटी क्लिअरन्सही नागरिकांनाच मिळतो, त्यामुळे संरक्षण कंत्राटदारांकडील बरीच पदे हातची जातात. उरते ते रुग्णालये, विद्यापीठे, विमा कंपन्या, वीज आणि पाणी कंपन्या, बँकांचे व्यवसाय-सातत्य विभाग (संकटातही काम चालू राहील हे पाहणारे), रेड क्रॉससारख्या संस्था, आणि काही राज्य व शहर सरकारे, कारण तेथील नियम जागोजागी वेगळे असतात. हे क्षेत्र लहान नाही.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी, नागरिकाशी विवाह झाला असेल तर तीन वर्षांनी, नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ज्यांना केंद्रीय नोकरीच हवी आहे त्यांनी पदवी पूर्ण होणे आणि शपथविधी होणे यांत फार अंतर पडणार नाही असे वेळापत्रक आखावे. पदवी आधी आणि नागरिकत्व चार वर्षांनी, असे झाले तर तोवर अभ्यास जुना झालेला असतो.

१४. आई-वडील ठाण्यात, भाऊ भारतीय सैन्यात, पुण्यात फ्लॅट, शिवाय ओसीआय कार्ड. क्लिअरन्स मिळेल का?

यांपैकी एकही गोष्ट आपोआप अपात्र ठरवत नाही. लपवलेली गोष्ट ठरवू शकते. क्लिअरन्ससाठी विद्यार्थ्याला स्वतःहून अर्ज करता येत नाही. नोकरीचा प्रस्ताव मिळाल्यावर खाते किंवा कंपनी पुढाकार घेते आणि मग एसएफ-८६ हा लांबलचक अर्ज भरावा लागतो. त्याचा निर्णय २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांवर होतो. परदेशी प्रभाव हा त्यांतला एक, पण पैशांचे व्यवहार, अमली पदार्थ आणि वैयक्तिक वर्तन हेही आहेत.

अर्जात जवळच्या नातलगांची माहिती द्यावीच लागते, आणि त्यांत सासू-सासरेही येतात. त्याखेरीज गेल्या सात वर्षांत ज्या परदेशी नागरिकांशी जवळचा किंवा सततचा संबंध आहे त्यांची नोंद लागते. गावाकडच्या लग्नात एकदा भेटलेला चुलतभाऊ त्यात येत नाही. दर रविवारी जिच्याशी अर्धा तास बोलणे होते ती आत्या येते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात साठ माणसे असली तर प्रत्यक्ष ज्यांच्याशी जिव्हाळ्याचे बोलणे चालते त्यांची यादी आधीच करून ठेवावी. भाऊ सैन्यात असेल तर त्याचा हुद्दा आणि आपसात कामाविषयी बोलणे होते का, हे विचारले जाणारच.

पुण्यातील फ्लॅट, वडिलोपार्जित शेतातील हिस्सा, भारतातील एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची बँक खाती ही परदेशी आर्थिक हितसंबंधांत मोडतात. सातबाऱ्यावर आपले नाव चढले आहे हेच अनेकांना ठाऊक नसते, तेव्हा घरी विचारून घ्यावे. परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार हे विवरण भरणे बंधनकारक आहे. ते न भरलेले आढळले तर फ्लॅटपेक्षा तीच गोष्ट अधिक नडते. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) हे नावात ‘सिटिझन’ असूनही भारतीय कायद्यानुसार नागरिकत्व नव्हे, पण ते मिळवले आहे हे सांगून टाकावे. गांजा राज्याच्या कायद्याने खुला असला तरी केंद्राच्या लेखी नाही, हे विद्यार्थिदशेतल्या मुलांना पालकांनी स्पष्ट सांगितलेले बरे.

१५. अभ्यासात गोपनीय माहिती असते का? अतिरेकी संघटनांचे साहित्य वाचावे लागले तर?

ऑनलाइन अभ्यासक्रम खुल्या माहितीवर चालतात: कायदे, संसदीय सुनावण्या, चौकशी आयोगांचे अहवाल, संशोधन नियतकालिके. ९/११ आयोगाचा २००४ चा अहवाल तर सर्वांनाच वाचावा लागतो. अतिरेकी साहित्याचा अभ्यास करायचा असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयातून किंवा संशोधकांनी संकलित केलेल्या स्रोतांतून, प्राध्यापकांना कळवून करावा; रात्री दोन वाजता स्वतःच्या लॅपटॉपवर मूळ संकेतस्थळे धुंडाळणे अभ्यासाला गरजेचे नसते, आणि भारतातून तर तो मोहच नको. ज्यांच्याकडे क्लिअरन्स आहे त्यांना आणखी एक बंधन आहे: फुटून इंटरनेटवर आलेला गोपनीय दस्तऐवज त्यांच्यासाठी गोपनीयच राहतो, त्यामुळे सहाध्यायी तो निबंधात वापरत असला तरी त्यांनी तो उघडू नये. आपल्या नोकरीतील अनुभवावर प्रबंध लिहायचा असेल तर खात्याची पूर्वतपासणी लागते का, ते विषय ठरवतानाच पाहावे.

मराठी विद्यार्थ्याला एका विषयात मात्र घरचे बळ मिळते. नोव्हेंबर २००८ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी मुंबईत १६६ जणांचे प्राण घेतले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जानेवारी २००९ मध्ये, अमेरिकी सिनेटच्या होमलँड सिक्युरिटी समितीने त्यावर सुनावण्या घेतल्या आणि न्यूयॉर्कचे पोलिस आयुक्त रेमंड केली यांनी तेथे साक्ष दिली. एकाच वेळी अनेक ठिकाणी होणाऱ्या हल्ल्यांना तोंड देण्याचे अमेरिकी पोलिसांचे सराव त्या घटनेनंतर बदलले. वर्गात हे प्रकरण बहुधा अमेरिकी स्रोतांतूनच मांडले जाते. या हल्ल्याच्या चौकशीसाठी महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीचे काम, पोलिस नियंत्रण कक्षातील गोंधळ, कामा रुग्णालय आणि छत्रपती शिवाजी टर्मिनस येथे पहिल्या तासात काय घडले, हे मराठी वृत्तपत्रांच्या आधारे मांडू शकणारा विद्यार्थी वर्गात वेगळा उठून दिसतो.

१६. ही पदवी भारतात, विशेषतः महाराष्ट्र पोलिसांत किंवा सरकारी सेवेत, ग्राह्य धरतात का?

परदेशी पदवीला भारतात समकक्षता मिळवावी लागते आणि परदेशी ऑनलाइन पदवीच्या बाबतीत ती गृहीत धरणे धोक्याचे आहे. प्रवेशापूर्वीच संबंधित प्राधिकरणाकडून लेखी उत्तर घ्यावे. सेवेतील अधिकाऱ्यांनी खात्याची परवानगी घ्यावी हे ओघानेच आले. खासगी क्षेत्रात, म्हणजे बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या सुरक्षा आणि व्यवसाय-सातत्य विभागांत, या पदवीला किंमत आहे, पण अभ्यासातील कायदे आणि यंत्रणा अमेरिकेच्या आहेत हे विसरू नये.

भारतातच काम करायचे असेल तर गांधीनगरजवळचे राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील आपत्ती व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग, हे पर्याय आधी पाहावेत. खर्च कितीतरी कमी होतो, आणि पुढे ज्यांच्याबरोबर काम करायचे ते लोकही तेथेच भेटतात.

१७. पूर्ण पदवीऐवजी आधी एखादे प्रमाणपत्र घेतले तर चालेल का?

चालेल, आणि शंका असेल तर तेच करावे. अनेक विद्यापीठांत चार-पाच विषयांचे पदव्युत्तर प्रमाणपत्र असते आणि त्याची क्रेडिट पुढे त्याच विद्यापीठाच्या पदवीत धरली जातात. दुसरीकडे मात्र ठरावीकच क्रेडिट नेता येतात. फेमाचे आयएस-१००, २००, ७०० आणि ८०० हे छोटे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत आणि आपत्कालीन कार्यालयांतील नोकऱ्यांत ते झालेले असावेत अशी अपेक्षा असते. अनुभव साठल्यावर आपत्कालीन व्यवस्थापकांच्या आयएईएम या संघटनेचे सीईएम किंवा सुरक्षा व्यावसायिकांच्या एएसआयएस या संघटनेचे सीपीपी ही व्यावसायिक प्रमाणपत्रे आहेत, आणि काही मालक त्यांना एम.ए.पेक्षा वरचे मानतात.

१८. शिकत असताना दुसऱ्या राज्यात गेलो, किंवा काही महिने भारतात राहिलो, तर काही अडचण येते का?

येऊ शकते. विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर ऑनलाइन शिकवण्यासाठी परवानगी लागते. बहुतेक राज्यांनी त्यासाठी एनसी-सारा हा करार केला आहे, पण कॅलिफोर्निया त्यात नाही, म्हणून तेथे राहायला जाणाऱ्यांनी स्थलांतरापूर्वी विद्यापीठाला विचारावे. राज्य बदलल्याने सरकारी विद्यापीठातील सवलतीचे शुल्कही बदलू शकते. हा करार भारतात लागू नाही. थोड्या मुक्कामाला बहुधा हरकत घेतली जात नाही, परंतु कॅमेऱ्यासमोर द्यायच्या परीक्षा, काही परवानाबद्ध माहितीकोश आणि सॉफ्टवेअर परदेशातून चालतीलच असे नाही. व्हीपीएन लावून आपण अमेरिकेतच असल्याचे भासवणे शिस्तभंगात मोडू शकते.

सरकारी किंवा कंत्राटदार कंपनीच्या लॅपटॉपवर अभ्यास करणाऱ्यांनी तो लॅपटॉप भारतात नेण्यापूर्वी कार्यालयाची परवानगी घ्यावी, आणि क्लिअरन्स असेल तर प्रवासाची सूचना सुरक्षा अधिकाऱ्याला तिकीट काढतानाच द्यावी. गणपतीला घरी जायचे ठरलेलेच असते, तेव्हा त्या पंधरवड्याचे टिपण आणि निबंध कधी सादर करायचे, याबाबत प्राध्यापकांशी सत्राच्या पहिल्या आठवड्यातच बोलून घ्यावे. आधी सांगणाऱ्याला मुदतवाढ बहुधा मिळते.